शीव

नकाशा चार पिनांवर टांगलाय, चॅपेलमागच्या खोलीत.
एक पिन नाताळच्या नाटकातली,
चांदणीचा कागद तिला अजून चिकटलेला.
मी कारकून. आठवड्याला सहा तास, पगार सांगण्याजोगा नाही.
शाई माझी, चहाची किटली माझी,
खुर्च्या मात्र आमच्या की पलीकडच्यांच्या
हा वाद एकाहत्तर सालापासूनचा.

काउंटीच्या कचेरीतून आलेला मुलगा वेल्शमधून सुरुवात करतो,
दुसऱ्याच वाक्यात अडखळतो, पण इंग्रजीत शिरत नाही.
नुकतं जन्मलेलं वासरू उभं राहताना बघावं
तसे आम्ही गप्प बसून राहतो, त्याचे पाय टेकेपर्यंत.
तो सांगतो : इकडे मतदार तीनशे बारा, जागा सात, रिकाम्या चार.
ओढ्यापलीकडे दोनशे चाळीस, रिकाम्या तीन.
दोन्ही जोडले तर...
"तर रिकाम्या सात," मागून इड्वाल.

रेघ नांत-अ-व्रानच्या पाण्यातून जाते, असं कागद म्हणतो.
पाण्याला कागद वाचता येत नाही.
सत्त्याऐंशीच्या पुरात ओढ्यानं कूस बदलली
आणि तो ग्वेनलिअनच्या कुरणात येऊन निजला.
तेव्हापासून तिची चूल इकडे, गोठा तिकडे,
कचऱ्याचा डबा दोन गावांच्या मधोमध,
कुणाचीच गाडी तो उचलत नाही.
"बांध कोरणारे शेजारी पाहिले होते," ती म्हणते,
"देवानंच बांध कोरला तर फिर्याद कुठे लावायची?"
मुलगा पेन्सिलीनं काहीतरी टिपतो. काय, ते दिसत नाही.

मग नाव. दोन्ही गावांची नावं जोडायची,
तर आधी कुणाचं?
पैशांवर चार मिनिटं बोललो, नावावर चाळीस.
कुणीतरी म्हणालं, वर्णक्रमानं घ्या,
कुणीतरी म्हणालं, कोणत्या भाषेच्या,
मेरेडिथनं टेबलावर हात आपटला, "हद्द झाली!"
आणि आपण काय बोललो हे कळून
तोच सगळ्यांआधी हसला.

तुडफुल, वय चौऱ्याऐंशी, कोट न काढता बसलेली.
"माझा ओवेन कुठे जाईल?"
मुलगा नकाशावर बोट फिरवतो, थांबतो.
दफनभूमी नव्या परिषदेकडे.
"आणि गवत?"
गवतही.
"ते कोण कापणार?"
खोलीत हीटरचा तेवढा आवाज.
"तो पलीकडच्यांशी एकवीस वर्षं बोलला नाही.
बसथांब्यावरच्या एका बाकापायी.
बस बंद झाली. बाक आहे अजून.
आता मेल्यावर एका खात्यात टाकताय त्याला."

मी हे लिहून घेतलं नाही. मग घेतलं.

एक गोष्ट मात्र मी कुणाला बोलले नाही.
मी पलीकडची.
तेहतीस वर्षांपूर्वी लाकडी पुलावरून आले, बारा पावलं,
हातात सूटकेस आणि आईनं दिलेलं अंड्यांचं टोपलं.
एकही फुटलं नाही, हे सासूला आवडलं होतं.
इथे तीन मुलं झाली, नवरा पुरला, इतिवृत्तं लिहिली,
तरी दुकानात अजून ऐकू येतं,
"ती ना, पलीकडची."
राग यायचा आधी. नंतर तेच माझं आडनाव झालं.
उद्या रेघ पुसली तर मी कुठली,
हे विचारायला त्या फॉर्मवर चौकट नव्हती.

सगळे गेल्यावर खुर्च्या एकावर एक रचल्या.
सहाव्या खुर्चीच्या बुडाशी खडूची खूण दिसली,
पलीकडच्या शाळेचं अक्षर, आमच्या बाईंचं.
म्हणजे त्या त्यांच्याच होत्या. आमच्या. त्यांच्या.
मी ती खुर्ची ढिगाच्या तळाशी ठेवली.

नकाशा गुंडाळून मुलाच्या गाडीत दिला.
चांदणीवाली पिन ठेवून घेतली.
घरी येऊन अहवाल पुरा केला :
उपस्थिती एकोणीस.
सूचना अकरा, त्यातल्या नऊ नावाबद्दल.
हरकती एक.
हरकतीचा विषय : गवत.