उतरताना घ्या

महिनाभर आधी कळवलं होतं,
तोंडी, जिन्यात, आणि मग कागदावरही,
कारण भाऊ म्हणाला, कागद असूंदे.
भावाला सगळं ठाऊक. त्याचा चंदगडातला दावा
अजून तारीख-तारीख खेळतोय.
फोटो काढ, म्हणाला, भिंतींचे, नळांचे,
मीटरचा तर सगळ्यात आधी.
काढले.
फोटोतल्या खोल्यांत आपण राहत होतो
असं काही वाटेना.

अकरा-अकरा महिन्यांचे आठ कागद झाले या दोन खोल्यांचे.
वर कन्नड टायपिंग, खाली माझी मराठी सही.
दरवेळी ईरप्पा होसूर चष्मा पुसायचे,
ओळ न् ओळ वाचून मला मराठीत सांगायचे,
आणि एक कलम गाळायचे.
हे काय, विचारलं तर,
"भांडणाचं हाय ते. भांडलो की वाचू."

माणूस सरकारी बसचा कंडक्टर. तीस वर्षं सौंदत्ती लाइन.
बेरीज तोंडात, सुट्टे खिशात,
आणि भाडं घेताना हात अजून असा
की मागं कुणीतरी उभं आहे, सरका पुढं.

काल रात्री खिळे उपटले.
भोकांत दंतमंजन कालवून लिंपलं:
एक कॅलेंडरचं, एक आरशाचं,
एक कशाचं ते आठवेना,
त्यात जरा जास्तच भरलं.
बारानंतर शेजारचे माग थांबले
आणि मला झोप लागेना.
वडगावात आले तेव्हा त्याच आवाजानं
आठवडाभर जागी होते.

आज सकाळी ते वर आले. वही, पेन, बॅटरी.
मी लिहून ठेवलेलं सगळं विसरले
आणि आधी न्हाणीघरातलं पायपुसणं उचललं.
खालची फरशी आडवी तडकलेली.
सिलिंडर पडलेला, दुसऱ्याच वर्षी.
सांगायचं राहिलं, म्हटलं,
खरं तर राहिलं नव्हतं, ठेवलं होतं.
"ठाऊक हाय की शालनक्का," ते म्हणाले,
"खाली आवाज आलता.
तुम्ही कधी सांगताय बघूलालतो."
मग स्वतःच बॅटरी मारली
कपाटामागच्या ओल्या पोपड्यांवर.
"हे माझ्या पायपाचं. हे तुमच्यात धरायचं नाही."
फोटोत ते पोपडे आले होते, तीन कोनांतून.
मी मोबाइल पिशवीत टाकला.

पायरीवर बसून लेक्क झाला.
डिपॉझिट तीस हजार.
फरशीचे दीड हजार वजा, ते मीच बोलले.
लाइटबिल चारशे साठ.
राहिले अठ्ठावीस हजार चाळीस.
अठ्ठावीस हजार त्यांनी दोनदा मोजले,
थुंकी लावून, नोटांची तोंडं एकीकडं करून.
मग खिसे चाचपले. दुसरा खिसा. वही झटकली.
तीस वर्षांत पहिल्यांदा बहुतेक
त्या माणसाकडं सुट्टे नव्हते.

राहूंदे हो, मी म्हटलं.
"राहूंदे कसं?"
वहीतून एक जुनं तिकीट काढलं, विटलेलं गुलाबी,
उलटं केलं, गुडघ्यावर ठेवून लिहिलं: ४०.
खाली सही, कन्नडमध्ये, आठ कागदांवर होती तशीच.
"उतरताना घ्या," म्हणाले,
आणि मग दोघंही जरा गप्प झालो,
कारण मी उतरतच होते.

भैरूनं टेम्पोचा हॉर्न मारला.
किल्ल्या दिल्या: दोन मोठ्या, एक मीटरपेटीची.
येते, मी म्हटलं.
"बर्री," ते म्हणाले. या.

आता निपाणीत माझ्या पाकिटात ते तिकीट आहे.
भाऊ म्हणतो, पावती घेतलीस ना सगळ्याची?
घेतली.
इथून बेळगावचं भाडं
चाळिसाच्या वर आहे, म्हणजे
वसुलीला जाणं परवडत नाही.
दिवाळीत जाईन म्हणते.