अनसीन, गुण दहा

मडगावची एक शाळा, दुसरा मजला,
बारावीचे इंग्रजीचे पेपर.
पंखा प्रत्येक फेरीला एकदा कण्हतो,
सुलक्षाबाईंनी आणलेल्या भज्यांचं तेल
बेरजेच्या तक्त्यावर उतरलंय.

प्रश्न सहावा : खालील कवितेचं रसग्रहण करा.
चौदा ओळी. बर्फ, एक फाटक,
कंदील घेऊन निघालेला म्हातारा.
आमच्यापैकी कुणी बर्फ पाहिलाच असेल
तर तो मासळीवर पसरलेला.

उत्तराची किल्ली बोर्डानं दिली आहे :
आशयाला दोन, संदेशाला दोन,
अनुप्रास ओळखला तर एक, उपमेला एक,
उरलेले चार भाषेचे.
पोरंही किल्लीच्या मापानंच घडवलेली.
(कुणी घडवली? बावीस वर्षं मीच घडवतोय.)
‘कवीने सुंदर शब्दांत निसर्गाचे चित्र रेखाटले आहे’
एकशे एकोणसाठ वेळा.
कंदील म्हणजे आशा.
एकशे एकोणसाठ कंदील,
एकाच्याही काचेला काजळी नाही.

मग हा पेपर. नाव नाही, चिकटवलेला नंबर.
इंग्रजी मोडकं, काळ घसरतो,
‘आहे’चं मध्येच ‘होता’ होतं.
लिहिते (अक्षर गोल आहे, मी ‘लिहिते’ धरलं) :

‘पहिल्या सहा ओळींत लांब लांब शब्द आहेत.
तिथे कवी घरात बसून बोलतो.
फाटक उघडलं की शब्द लहान होत जातात.
शेवटच्या ओळीत नऊ शब्द,
नऊही एकेका ठोक्याचे.
काळोखात माणूस असाच चालतो,
पाऊल टेकण्याआधी जमिनीला विचारतो.
कंदील कशाची उपमा ते मला कळलं नाही.
मला वाटतं तो कंदीलच आहे.’

मी हातातलं भजं खाली ठेवलं.

‘आमच्याकडे बोंडू मळतात.
पायांनी तुडवून निघतो तो रस भट्टीला जातो.
मग चोथ्याचा ढीग वेलीनं आवळतात,
वर धोंडा ठेवतात, आणि कोणी हात लावत नाही.
रात्रभर जो आपसूक ठिबकतो तो नीरो.
ही कविता मी दोनदा वाचली,
ते तुडवण्यातच गेलं.
धोंडा ठेवायला वेळ हवा होता.
घंटा झाली.’

एवढंच. संदेश नाही.
अनुप्रासाकडे वळूनसुद्धा पाहिलेलं नाही.

काणकोणची असेल, किंवा सत्तरीची.
मी प्रश्नपत्रिका सुलटी केली,
शेवटच्या ओळीवर बोट ठेवून मोजलं. नऊ.
चार दिवस कविता टेबलावर पालथी पडून होती
आणि मी किल्ली वाचत होतो.

एम.ए.ला मी एका थोर कवीवर बारा पानं लिहिली होती.
पहिला वर्ग, आईनं शेजारी पेढे वाटले.
त्याची एक ओळ आज तोंडात येत नाही,
गाइडची येते, स्वल्पविरामासकट.
रसग्रहण, रसग्रहण असं फळ्यावर लिहीत
पहिली दोन अक्षरं कधी पुसली गेली कळलं नाही,
ग्रहण तेवढं शिकवत राहिलो.

फुर्तादो सर मॉडरेटर. लाल पेन्सिल कानावर.
“किल्लीप्रमाणं साडेतीन होतात रे.”
“सर, आधी वाचा तरी.”
वाचलं. चष्मा काढून शर्टाला पुसला.
मग कुणाचं लक्ष नाहीसं पाहून
अंगठ्यानं टेबलावर ठोके दिले,
सातव्याला थांबले, पुन्हा पहिल्यापासून.
“स्पेलिंगं तीन चुकलीत.”
“हो सर.”
“आठ देऊ नको, वरून विचारतील.
साडेसात घाल.”

साडेसात घातले. सही केली.
त्या नऊ शब्दांसाठी
माझ्याजवळ अजून मराठी नाही,
करून पाहिली, बाराच्या खाली येत नाही.

चार वाजले. सुलक्षाबाई पिशवी आवरू लागल्या.
तपासून झालेला गठ्ठा कोपऱ्यात बांधून ठेवलेला,
त्यातल्या कुणाच्या तरी कंदिलाला
काजळी असेल, मी पाहिली नसेल.
गाठ घट्ट होती.
दातांनी सोडवली सुतळी.