कार्बन कॉपी

केप्याच्या मामलेदार कचेरीसमोर,
झेरॉक्सवाला आणि उसाच्या रसाचा गाडा यांच्यामधल्या
अडीच हात जागेत
सोयरूमामाचं टाइपरायटर बसायचं.
बसायचं म्हणजे खरोखरच बसायचं :
त्याचा 'ई' अधूनमधून वर यायला नकार द्यायचा.

मी तिथे चाळीसच्या स्पीडसाठी जायचे
आणि शब्द घेऊन घरी यायचे.

कुणी म्हणे, लिहा, नवरा आउट ऑफ स्टेशन आहे.
'स्टेशन कुडचड्याला. तो गेला कारवारला.
त्यात स्टेशनाचा काय संबंध?'
वकिलाचा कारकून म्हणे, साहेबांनी कागद पेरूझ केलाय.
म्हणजे उभ्या उभ्या चाळलाय.
'पेरूझ म्हणजे ओळ न् ओळ वाचणं, बाबा.
तुझ्या साहेबाने ते केलं असतं
तर ही सातवी तारीख पडली असती?'
जज्ज डिसइंटरेस्टेड हवा,
अनइंटरेस्टेड नको, तो मला समजावी.
पहिल्याला त्यातून काही मिळवायचं नसतं,
दुसऱ्याला जेवणानंतरची झोप आलेली असते.

डिक्शनरीला पुठ्ठा नव्हता.
'ए'ची सुरुवातीची पानं वाळवीने नेलेली.
'अबँडन हा शब्द आमच्याकडे नाही,'
तो गिऱ्हाइकांना सांगे, जरा मान ताठ करून,
आणि डिक्शनरी पुन्हा
फडक्यात बांधून ठेवी.

एकदा इस्माल्दाबाई आली, हातात स्विंडनचं पत्र.
मुलाच्या वकिलाने लिहिलं होतं,
घर क्लीव्ह करायचं आहे.
'म्हणजे काय रे, सोयरू?'
'चिरणं,' तो म्हणाला.
मग फडकं सोडलं, पान काढलं, बोट टेकवलं.
'आणि बिलगणंसुद्धा. शब्द तोच.'
ती काही बोलली नाही.
रसवाल्याचा घुंगरू तेवढा वाजत राहिला.
मी मात्र हसले. म्हटलं, काय भाषा आहे,
हिला चिरायचंय की बिलगायचंय तेही ठरत नाही!

'तुझ्या आईची बांगडी फुटली तर ती काय म्हणते?'
'वाढली.'
'दिवा मालवला तर?'
'वाढवला.'
'आणि आता संध्याकाळी घरी निघताना तू मला काय म्हणशील?'
'येते.'
'मग गप टाइप कर.'

त्याच वर्षी सरपंचांचा सत्कार ठरला.
झरीवरचा डोंगर कापून त्यांनी प्लॉट पाडले होते,
खाली झरी लाल झाली, मग आटली,
आणि वर दिल्लीवाल्यांचे निळे स्विमिंगपूल आले.
मानपत्राचा मसुदा घेऊन त्यांचा भाचा आला.
आपल्या कार्याची एनॉर्मिटी, त्यात लिहिलं होतं,
या गावाच्या पिढ्या विसरणार नाहीत.

माझी बोटं थांबली.
चूक सापडल्याचा आनंद काय असतो,
तो त्या वयातच असतो.
'मामा, एनॉर्मिटी म्हणजे मोठेपणा नव्हे ना?
तुम्हीच सांगितलंत. घोर पाप. अघोर काम.'

भाचा तेव्हा फोनवर मंडपवाल्याशी भांडत होता.
सोयरूमामाने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला,
परत लावला.
'गिऱ्हाइकाचा शब्द आहे,' तो म्हणाला.
'तू फक्त स्पेलिंग बघ.'

पुढे तेच वाक्य संगमरवरावर चढलं,
सोनेरी अक्षरांत, पंचायतीच्या पायरीशेजारी.
टाळ्या झाल्या. बँड होता. सोडा फुकट होता.
नारळ वाढवला.
डोंगर आधीच वाढवून झाला होता.

मामा गेला. ती जागा रसवाल्याने घेतली.
माझ्याकडे त्या मानपत्राची कार्बन कॉपी आहे.
एनॉर्मिटीतला पहिला 'ई' त्या दिवशीही वर आला नव्हता.
तो त्याने पेनाने, हाताने लिहिला,
कागद मशीनमधून काढायच्या आधी,
दाबून,
खालच्या प्रतीवरही उमटेल इतका.