रक्ताचं लोणी

फेब्रुवारी. तळं इतकं घट्ट गोठलेलं
की दुधाचा ट्रक सरळ त्याच्यावरूनच येतो.
आरोग्यकेंद्राची नर्स सिर्क्का बर्फ झटकत आत आली,
तौनोच्या दंडाला पट्टा बांधला.
वीस वर्षं कारेलियाचं जंगल तोडलेला दंड.
सुई बघून तो हसला.

पंधरवड्याने कागद आला: तीनशे चाळीस.
"आपल्या गाईंनी कधी एवढं फॅट दिलं नाही," तौनो म्हणाला.
दोघंही हसलो.
मी आधी थांबले.

डेअरी आम्हाला फॅटवरच पैसे देते.
मुलीचे बूट, खिडकीची दुसरी काच,
सगळं सायीतून निघालेलं.
पाहुण्याच्या पावावर लोणी असं थापायचं
की चावल्यावर दातांची रांग उमटली पाहिजे.
नाही उमटली, तर गावभर बोभाटा.

लोक रक्ताचं पाणी करतात.
आम्ही लोणी केलं.

ओन्नी गेला, एक्केचाळिसाव्या वर्षी,
हातातली करवत चालूच होती म्हणे.
मग वैनोचा भाऊ, सौनाच्या पायरीवर.
आर्मासला नुसतं दमल्यासारखं झालं होतं,
बूट काढायलाही वाकला नाही.
तिघांना पुरून आल्यावर जेवायला पिरक्का मीच केल्या:
राईची पातळ पारी, आत शिजलेला भात,
आणि वरून
वितळलेलं लोणी. हात आखडता न घेता.

गावच्या सभागृहात सिर्क्काने तेलाची बाटली टेबलावर ठेवली
तेव्हा बायका अशा गप्प झाल्या
जशी तिने आमच्या गोठ्याला शिवी दिली.
मीही गप्पच.
पण येताना बाटली माझ्या पिशवीत होती.

शनिवारी पिरक्कांना तेलाचं बोट लावलं.
तौनोने चार खाल्ल्या, काही बोलला नाही.
पाचवी उचलली, उलटी करून पाहिली,
म्हणाला, "आता गाईला काय सांगायचं?"

ऑगस्टमध्ये तो बादली घेऊन रानात गेला.
बेरी वेचणं हे बायकांचं काम,
म्हणून शेजाऱ्याला सांगितलं, अस्वलाचा माग काढतोय.
संध्याकाळी अस्वलाचे दोन्ही हात
कोपरापर्यंत जांभळे.

पुन्हा फेब्रुवारी. दोनशे शहात्तर.
"अजून जास्तच आहे," सिर्क्का म्हणाली, "पण उतरतंय."
डेअरीचा हिशेबही उतरलाय, ते मी तिला सांगितलं नाही.
रात्री त्याच्या छातीला कान लावते.
आत कुणीतरी सावकाश लाकूड फोडतंय,
मध्येच थांबतं,
माझा श्वास अडकतो,
पुन्हा घाव.

रविवारी पाहुणे आले.
पावावर लोणी होतं, आतली राई दिसेल इतपत.
दातांची रांग उमटली नाही.
त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

बघू देत.