गुडघा नव्हे

बिदियाच्या दवाखान्यात पहाटे चारला
सांडणी बसते, आधी पुढच्या पायांवर.
गुडघा सुजलाय, खल्फान म्हणतो.
गुडघा नव्हे हा, मनगट.
तो हसतो. पैसे तेवढेच ना?

बोटं खाली सरकतात,
नळीमागच्या त्या दोरीसारख्या बंधापाशी.
दाबलं की मान वळवते,
चावत नाही.

वर खांद्याशी
हाडाला हाड भेटतच नाही हिच्या.
नुसत्या मांसाच्या झोळीत
एवढं धड.
सांगोल्यात बाप बैलांना पत्र्या ठोकायचा.
पाडलेल्या बैलाचा पुढचा पाय हलवून म्हणायचा,
सैल आहे, म्हणून तर पेलतो.

सहा आठवडे पळवायची नाही.
शर्यत गुरुवारी आहे, डॉक्टर.

पट्टी बांधून होते.
ती उठते, मागून आधी,
मग थबकते
मनगटांवरच.