लांबी

आमच्याकडे पुट्टीला लांबी म्हणतात.
शाळेतल्या लांबीला शेजारी रुंदी असायची,
हिला नसते, फटीला असेल तेवढीच.
मस्कतला, घलाच्या या शेडमध्ये, हा शब्द फक्त मला येतो.
रेजी फिलर म्हणतो. डान्टे काहीच म्हणत नाही,
करंगळीवर घेतो आणि दाबतो.

डोंगर चार तुकड्यांत आला.
फोमचे थर, एकेका थराला एकेक उंची,
मशीनने कापलेले, बिनचूक,
तरी टेबलावर जोडले तेव्हा
एका कोपऱ्यातून दोन मिलिमीटर उजेड आला.
स्केल एकास पाच हजार.
म्हणजे खऱ्या डोंगरात दहा मीटर.
आमची पिकअप आडवी लावून वर माणूस जायला वाट उरेल.

पेणला मी मूर्तींच्या पाठी जुळवायचो.
साच्याच्या दोन अर्ध्यांमधली रेघ
कानामागून निघते, खांद्यावरून खाली उतरते,
ती ओल्या बोटाने मिटवायची.
सदूकाका म्हणायचे, पुढून काय, सगळेच बघतात,
कारागीर पाठीला कळतो.

इथे पाठच नाही.
माणसं चारी बाजूंनी फिरणार,
मोबाईल खाली नेऊन फोटो काढणार,
आणि त्यांना डोंगर दिसणार नाही, सांधा दिसेल.
डोळा जिभेसारखाच,
पडलेल्या दाताच्या जागी जातो.

म्हणून भुसा चहाच्या गाळणीतून चाळायचा.
पांढरा गोंद, अंदाजाने पाणी,
मातकट रंग आधीच कालवायचा,
पुढे टवका उडाला तर आतलं पांढरं हसू नये.
काठोकाठ भरायचं नाही, जरा वर भरायचं,
कारण सुकली की लांबी बसते.
जुलैत एसी गेला तर तासाभरात बसते
आणि रेघ वर येते,
होती तिथेच,
जणू मधल्या वेळात चहा पिऊन आली.

रात्री फोनवर मंजिरी.
बाबा, जेवलात? जेवलो.
काय? डाळभात. तिकडे ऊन? ऊन.
पेपर कसा गेला? बरा.
मग हं, हं, आणि काय, तुझं काय,
असं दोन्हीकडून भरत राहतो आम्ही.
ती हसतेसुद्धा काठाच्या जरा वर.

गुरुवारी चौथ्यांदा तीच फट उघडली.
मी डबा बंद केला.
सुरीने फट रुंद केली, काठ कुरतडले,
तळाला वाळू पेरली, गोटे म्हणून राजगिरा,
तारेची दोन बाभळीची झाडं, एक जरा कलती.
डान्टे पहिल्यांदा बोलला: वादी.

रविवारी कन्सल्टंट आला. नकाशा धरून बघितलं.
इथे पाणी नाही, म्हणाला,
इथे व्हिला नंबर अकरा ते चौदा.

खलफान पिकअपची किल्ली द्यायला आला होता.
तो वाकला. चष्मा डोक्यावर सरकवला.
अरबीत बोलत राहिला, हात छातीपाशी आडवा धरून,
एवढं, एवढं.
रेजीने त्यातलं थोडं हिंदीत ओतलं:
याच्या आजोबांच्या शेळ्या इथूनच गेल्या.
एका दुपारी. आभाळ इकडे कोरडं होतं,
पाऊस कुठेतरी वर, डोंगरात.
वादीचं नावही सांगितलं त्याने,
पण कोणीतरी व्हॅक्यूम लावला होता, मला लागलं नाही.

कन्सल्टंट फोन करायला बाहेर गेलाय.
काचेतून नुसते हात दिसतात.
डान्टे माझ्याकडे बघतो: भरू?

डबा मी पुन्हा उघडलाय, बोटावर घेऊन उभा आहे,
टेबलावर राजगिऱ्याचा एक दाणा घरंगळून
व्हिला नंबर बाराच्या दारात थांबलेला.
खलफान अजून तिथेच, वाकलेला,
कलत्या बाभळीला हात न लावता बघतोय.
बोटावरची लांबी सुकत चालली.
कातडी ओढते.
आता काढायची तर गरम पाणी लागेल.