डावी बाजू

मे महिन्यात कूलर तोंडासमोर लावून झोपले
आणि सकाळी चूळ भरताना
पाणी डावीकडून ओघळून गेलं.
आरशात अर्धी मी हसत होते,
अर्धीनं ते ऐकलंच नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, वारा लागला.
मेडिकलचा डॉक्टर म्हणाला, नस सुजली,
येईल परत. तीन महिने, कदाचित सहा.
इतवारीच्या पोस्टात, माझ्या खिडकीशी,
कोणी काहीच म्हणालं नाही.
फक्त माणसं मोठ्यानं बोलू लागली,
शब्द तोडून तोडून:
बाई. हे. पास. बुक.
मी रकमा पूर्वीसारख्याच जुळवत होते, पैशापर्यंत.
तरी एक आजोबा नोटा तिसऱ्यांदा मोजून
शेजारच्या खिडकीवर सरकले.
एका आईनं पोरीचा हात ओढला,
"अशा बाईले कामावर काऊन ठेवते सरकार?"
कान दोन्ही शाबूत होते माझे.

शेजारची खिडकी हेडाऊची.
निरंजन हेडाऊ, आरडी आणि टपाली विमा,
चेहऱ्यावर बाराही महिने सण.
पेन्शनच्या तारखेला रांग दाराबाहेर गेली
की म्हाताऱ्यांना हसवत उभं ठेवणारा.
साहेब म्हणायचे,
"शिका जरा. याच्या डोक्याला ताप नाही."
मीही म्हणायचे.

जुलैत मेडिकलच्या व्हरांड्यात
तोंडाच्या व्यायामाची खोली विचारली.
वॉर्डबॉयनं चिठ्ठी हातात घेतलीच नाही.
माझ्याकडे पाहिलं.
"डोक्याची ओपीडी? सरळ जा, मग उजवीकडं, निळा बाक."
इतक्या खात्रीनं बोलला
की मी गेलेच.

निळ्या बाकावर हेडाऊ.
मांडीवर जाड फाइल, कोपरे मऊ पडलेले.
नव्या फाइलचे कोपरे असे नसतात.
चेहरा तोच, खिडकीतला.
जरा सरकून त्यानं जागा केली,
चहाच्या टपरीवर करतो तशी.
"तुम्ही काऊन इकडं, मॅडम?"
"तोंड पाहून पाठवलं."

तो हसला. हसणं आवरायला त्याला वेळ लागला.
आवरलं तेव्हा खालचा चेहरा पहिल्यांदा दिसला,
दिसला म्हणजे, विशेष काही नव्हतं,
नीट दाढी केलेला एक दमलेला माणूस.
मी काय शोधत होते कोण जाणे.

"चार वर्षं झाली," म्हणाला.
"पहिल्या वर्षी कोणी मानेच ना.
बायको म्हणे, खाऊन राहिले, हसून राहिले,
तुम्हाले काय धाड भरली?
इथल्या शिकाऊ पोरानंबी तेच म्हटलं,
वाटत तर नाही, काका."
नंबर पुकारला गेला.
उठताना त्यानं कॉलर सारखी केली,
फोटोला बसताना करतात तशी.

माझं तोंड दिवाळीच्या आत जागेवर आलं, बहुतेक.
आजोबा परत माझ्या खिडकीवर येतात,
आता हळू बोलतात.
एक नस मात्र भलत्याच तारेला जोडली गेली:
काही खाल्लं की डावा डोळा वाहतो.
दुपारी पोह्यांच्या गाडीवर तर्रीचा पहिला घास
आणि मी रडते, कसलंही दुःख नसताना.
गाडीवाला विचारतो, तिखट झालं का.
ट्यूशनच्या पोरी एकमेकींना कोपर मारतात.

हेडाऊ काही विचारत नाही.
चुरगळलेला रुमाल पुढे करतो
आणि साहेबांची नक्कल करून मोठ्यानं हसतो.
त्या हसण्याकडे मी बघत नाही.
प्लेट खाली ठेवते, विचारते,
"रात्री किती तास?"
तो रिकाम्या हाताची बोटं वर करतो.
तीन.
मग जरा थांबून
चौथं, अर्धं दुमडलेलं.